परसातील पक्षी आणि कॅमेरा

घराच्या परसात, गॅलरीत, गच्चीवर, सोसायटीच्या आवारात किंवा गावाबाहेरच्या माळावर सहज दिसणाऱ्या पक्ष्यांचे आणि इतर लहानमोठ्या जीवांचे छायाचित्रण हा छंद गेल्या वीसेक वर्षांत महाराष्ट्रात चांगलाच रुजला आहे. ताडोबा-कान्ह्यातल्या वन्यजीव छायाचित्रणाशी त्याचे नाते असले, तरी त्याची चाल निराळी आहे. येथे जिप्सी नसते, वाटाड्या नसतो, फाटकावरचे शुल्क नसते आणि वाघ दिसला नाही म्हणून वाया गेलेली सहलही नसते. समोर येतात ते चिमणी, साळुंकी, लालबुड्या बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर, तांबट, सातभाई, भारद्वाज. त्यांच्या जोडीला खार, सरडा, मुंगूस, आणि पावसाळ्यात बेडूक, चतुर, फुलपाखरे. महाराष्ट्रात साडेपाचशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. त्यांपैकी तीस-चाळीस जाती तरी जुनी झाडे राखलेल्या शहरी आवारात वर्षभरात दिसू शकतात. एवढा ऐवज शिकायला आणि रमायला पुष्कळ आहे.

पक्ष्यांचा अभ्यास कॅमेऱ्याच्या आधी बंदुकीने होत असे. नमुना हाती आल्याशिवाय जात निश्चित होत नसे, आणि नमुना म्हणजे मारलेला पक्षी. डॉ. सालीम अली यांची वाटचाल लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या रानचिमणीपासून सुरू झाली, ती ओळखून घेण्यासाठी ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यांच्या शाळकरी वयातली दुसरी एक नोंद मात्र कमी सांगितली जाते. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणी अंड्यांवर बसलेली आणि बाहेर खिळ्यावर चिमणा राखणीला. तो चिमणा पाडला की थोड्याच वेळात दुसरा त्याची जागा घेई. सात दिवसांत आठ नर पडले, तरी राखणदाराची जागा रिकामी राहिली नाही. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी ही हकिगत दिली आहे. ती आज वाचताना अंगावर काटा येतो. पण निरीक्षण अस्सल होते आणि ते कोणत्याही अरण्यात नव्हे, राहत्या जागेच्या आवारात झाले होते. घरट्याची राखण कोण करतो, पिल्लांना कोण आणि काय भरवतो, हे प्रश्न आता खिडकीतल्या कॅमेऱ्याने, कोणाचा जीव न घेता हाताळता येतात.

बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली ती सावकाश. ब्रिटनमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी १८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले आणि पुढे पक्ष्यांच्या जवळ जाण्यासाठी चक्क आतून पोकळ केलेल्या खोट्या बैलात बसण्यापर्यंत मजल मारली. भारतात संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाटेवर बांधलेल्या तारेला जनावराचा पाय लागताच उडणारा फ्लॅश वापरून रात्रीच्या वाघांची छायाचित्रे मिळवली. त्यांचे पुस्तक १९२७ चे. सालीम अलींबरोबर हिंडलेले सिंगापूरचे चित्रपट-व्यावसायिक लोके वान थो यांचा पक्षिचित्रांचा संग्रह १९५७ मध्ये निघाला. हे सगळे काम वजनदार सामग्रीचे आणि पैसेवाल्यांचे होते. मध्यमवर्गीय हौशी माणसाला पुढची तीस-चाळीस वर्षे ३६ फोटोंचा रोल पुरवून वापरावा लागे, आणि पक्षी नीट आला की नाही हे रोल धुऊन येईपर्यंत कळत नसे. डिजिटल कॅमेऱ्याने हा खर्च आणि ही वाट पाहणे एकदम संपवले. २०१४-१५ च्या सुमारास टॅमरॉन आणि सिग्मा यांच्या १५०-६०० मिमी आणि निकॉनची २००-५०० मिमी अशा तुलनेने परवडणाऱ्या झूम लेन्स आल्या, आणि सुट्टीच्या दिवशी सिंहगडाच्या पायथ्याशी किंवा भिगवणच्या पाणवठ्यावर लेन्सची रांग दिसू लागली.

ही रांग या छंदाचे दर्शनी रूप असली, तरी त्याचे खरे शिक्षण घरीच होते. पाणवठ्यावर गेलेल्या माणसाच्या वाट्याला पक्षी तास-दोन तास येतो. परसातला पक्षी रोज येतो. तोच दयाळ त्याच तारेवर, त्याच वेळी, कोणत्या बाजूला तोंड करून गातो हे आठवड्याभरात कळते. पक्ष्याच्या फोटोत लेन्सचा वाटा असतोच, पण पक्षी पुढच्या क्षणी काय करणार याच्या अंदाजाचा वाटा त्याहून मोठा असतो. हा अंदाज विकत मिळत नाही.

काही सवयी नवशिक्यालाही लगेच उपयोगी पडतात. वेडा राघू तारेवरून किंवा सुक्या फांदीवरून झेप घेतो, हवेतच माशी किंवा चतुर पकडतो आणि बहुधा परत त्याच जागी येऊन बसतो. गिळण्याआधी भक्ष्य फांदीवर आपटतो. म्हणून त्याच्यामागे कॅमेरा फिरवण्यापेक्षा रिकाम्या फांदीवर फोकस धरून थांबणे फायद्याचे. कोतवालाचीही तीच तऱ्हा. तांबट सकाळच्या पहिल्या उन्हात निष्पर्ण शेंड्यावर बसतो. एरवी हिरव्या पानांत त्याचा हिरवा रंग इतका मिसळतो की नुसती टुक-टुक ऐकून समाधान मानावे लागते. भारद्वाज कुंपणाच्या आडोशाने चालणारा, पण थंडीच्या सकाळी तोच उघड्यावर पंख पसरून ऊन घेताना सापडतो. सातभाईंचा थवा एका दिशेने जमीन उकरत सरकतो, एकजण उंचावर राखणीला असतो. थव्याचा पाठलाग केला की तो पांगतो, आणि पुढे जाऊन गप्प बसले की अंगावरून निघून जातो. भर दुपारी बुलबुल, कोतवाल, साळुंक्या एकाच झाडाभोवती गिल्ला करत असतील तर त्या झाडात पिंगळा, शिक्रा किंवा साप असण्याचा संभव मोठा. उडण्याआधी पक्षी अनेकदा शिटतो, हे तर प्रत्येक जुन्या छायाचित्रकाराचे बोट शटरवर नेणारे लक्षण आहे.

वर्षाचे चक्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अंगवळणी पडते. माघ-फाल्गुनात काटेसावर आणि पांगारा फुलतात तेव्हा एका झाडावर साळुंकी, कोतवाल, शिंजीर, बुलबुल, पोपट, हळद्या असा बाजार भरतो. पाने गळालेली असल्याने मध्ये काही येत नाही, आणि तांबड्या फुलांवर उन्हाचा परावर्तित उजेड पक्ष्याच्या पोटाखालीही पोचतो. मध्य आशियाकडून आलेल्या भोरड्या परतण्यापूर्वी याच फुलांवर चोची पिवळ्या करताना दिसतात. वर्षातला हा महिना-दीड महिना छायाचित्रकाराने इतर कामे बाजूला ठेवून राखावा. उन्हाळ्यात पाण्याचे भांडे हाच मुख्य आधार. पावसाच्या तोंडावर कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी नवरंग येतो, चातक आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर पोचतो, पावशा ओरडू लागतो आणि सुगरणीचा नर डोक्यावर पिवळी टोपी चढवून बाभळीवर किंवा विहिरीवर झुकलेल्या फांदीवर विणकाम सुरू करतो. भाद्रपद-आश्विनात धोबी सोसायटीच्या हिरवळीवर शेपूट हलवत उतरला की हिवाळी पाहुण्यांची वर्दी मिळाली असे समजावे. त्यानंतर माशीमार, मग क्वचित एखादा लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक.

ओळख हा या छंदाचा पाया असून फोटो त्यात मदत करतो, तशी फसवणूकही करतो. जांभळ्या शिंजीराचे उदाहरण पाहावे. विणीच्या हंगामात नर गडद, निळा-जांभळा, उन्हात धातूसारखा चमकणारा असतो. हंगाम संपला की तो कात टाकल्यासारखा पिसे बदलतो आणि मादीसारखा पिवळट दिसू लागतो. गळ्यापासून पोटापर्यंत उतरणारी एक काळी रेघ एवढीच त्याची खूण उरते. जांभळ्या पाठीच्या शिंजीराचा नर मात्र असा बदल करत नाही. ज्याने वर्षभर एकाच जास्वंदीवरच्या शिंजीराचे फोटो काढले आहेत त्याला हे आपोआप कळते. ज्याने पुस्तकातले एकच चित्र पाहिले आहे तो तीन पक्षी मोजतो. तांबटाच्या पिल्लाला कपाळावरचा लाल रंग नसतो. स्वर्गीय नर्तकाचा तरुण नर तांबूस असतो आणि पांढरा पुढे होतो. दयाळची मादी काळी नसून राखी असते. अलीकडे फोटो दाखवताच नाव सांगणारी मर्लिनसारखी अॅप्स हाताशी असतात. त्यांचा उपयोग करावा, पण उत्तर सालीम अलींच्या १९४१ पासून आवृत्त्या निघत आलेल्या पुस्तकाशी किंवा मारुती चितमपल्ली यांच्या पक्षिकोशाशी ताडून पाहावे. चितमपल्लींचा कोश मराठी वाचकाला आणखी एका कारणासाठी जवळ हवा: एकाच पक्ष्याची गावोगावची नावे त्यात भेटतात.

आता सामग्रीकडे. सेन्सरवर पक्ष्याची प्रतिमा किती मोठी पडते, याचा हिशेब सोपा आहे: लेन्सची फोकल लांबी गुणिले पक्ष्याची लांबी, भागिले अंतर. शिंजीर सुमारे १० सेंमी लांब. ४०० मिमी लेन्सने पाच मीटरवरून त्याची प्रतिमा ८ मिमी पडते, म्हणजे बऱ्याच हौशी कॅमेऱ्यांतल्या एपीएस-सी सेन्सरच्या उंचीच्या जवळपास निम्मी. तोच दहा मीटरवर असेल तर ४ मिमी, आणि क्षेत्रफळाच्या मानाने पाव. अंतर निम्मे करणे म्हणजे लेन्सची लांबी दुप्पट करणे. ८०० मिमीच्या व्यावसायिक लेन्सला मोटारगाडीइतके पैसे पडतात. गॅलरीत पडद्याआड अर्धा तास स्थिर बसायला काही पडत नाही. परसातल्या छायाचित्रणाचा आर्थिक पाया हाच.

यावरून ३०० किंवा ४०० मिमीपर्यंत पोचणारी साधी झूम सुरुवातीला पुरे, असे म्हणायला हरकत नाही. लेन्स बदलता न येणारे ब्रिज कॅमेरे हा दुसरा मार्ग. २०१५ चा निकॉन पी९०० हा २००० मिमीच्या तोडीची पोच देई आणि त्याने कित्येक निवृत्त मंडळींना पक्ष्यांकडे वळवले. मात्र त्याचा सेन्सर एपीएस-सीपेक्षा क्षेत्रफळात बारा-तेरा पटींनी लहान आहे. भर उन्हात ओळखीपुरता उत्तम फोटो मिळतो. सांजवेळी किंवा दाट झाडीत कणांचा रवा दिसू लागतो. शिवाय लांबवरचा पक्षी ओढून घेताना मधल्या तापलेल्या हवेची थरथरही ओढली जाते, आणि तिला कोणत्याही किमतीच्या लेन्सकडे उत्तर नाही. मोबाइलचा कॅमेरा पक्ष्यांसाठी तोकडा असला, तरी सरडा, कोळी, फुलपाखरू, घराच्या भिंतीवरची पाल यांच्यासाठी तो चांगला आहे. दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल लावून काढलेला रेकॉर्ड शॉटही पुराव्याला चालतो.

तांत्रिक बाबींत तीन गोष्टी आधी साधाव्यात: शटरचा वेग, स्पष्टतेची खोली आणि उजेडाचे माप. बसलेल्या पक्ष्याला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो, कारण बसलेला पक्षीही मान सतत वळवत असतो. उडणाऱ्याला दोन हजारावा भाग लागतो. लेन्समधली थरथर-रोधक यंत्रणा हाताचा कंप थांबवते, पक्ष्याची हालचाल नव्हे. हा फरक न कळल्याने पुष्कळ फोटो पुसट येतात. खोलीच्या बाबतीत, ४०० मिमीवर एफ ५.६ छिद्र ठेवून पाच मीटरवरचा पक्षी टिपला तर साधारण साडेतीन सेंटिमीटरच स्पष्ट येतात. शेपूट धूसर झाली तरी चालते. डोळा झाला तर फोटो गेला. २०२० च्या आसपासपासून मिररलेस कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतः शोधू लागले आणि हे काम बरेच सुकर झाले, तरी दाट फांद्यांत ती यंत्रणाही चुकते आणि मग फोकसचा एकच बिंदू हाताने नेमावा लागतो.

उजेडाच्या मापात काळे आणि पांढरे पक्षी सर्वांना छळतात. समोरचे दृश्य सरासरी करड्या छटेचे आहे असे कॅमेरा धरून चालतो. गर्द झाडीपुढचा कोतवाल त्याला फार काळोखा वाटतो, म्हणून तो उजेड वाढवतो आणि काळी पिसे राखी करून ठेवतो. तेथे माप उणे करावे. तोच कोतवाल पांढुरक्या आकाशापुढे तारेवर बसला की उलट घडते, पक्षी नुसती काळी आकृती उरतो आणि माप अधिक करावे लागते. बगळा उन्हात असेल तर त्याच्या पिसांची वीण जळून पांढरा ठिपका होऊ नये म्हणून पुन्हा उणे. रॉ स्वरूपात फोटो साठवला तर यातल्या लहान चुका संगणकावर सावरता येतात. जळालेले पांढरे मात्र परत येत नाही.

चांगला उजेड महाराष्ट्रात सकाळी थोडाच वेळ टिकतो. मार्च ते मे नऊनंतर ऊन डोक्यावर येऊ लागते आणि पक्ष्याच्या डोळ्यांवर सावली पडते. सूर्य पाठीशी आणि पक्षी पुढ्यात ही जुनी रीत सुरुवातीला पाळावी. उलट्या उजेडातले प्रयोग नंतर. पार्श्वभूमीकडे नवशिक्याचे लक्ष जात नाही आणि परसात ती फार घात करते: वाळत घातलेले कपडे, पाण्याची टाकी, केबलच्या तारा. एक-दोन पावले बाजूला सरकले की टाकीच्या जागी लांबचे झाड येते. पक्षी आणि पार्श्वभूमी यांत अंतर जितके जास्त तितकी ती मऊ विरघळते. उंचीचेही तसेच आहे. झाडाखाली उभे राहून वर रोखलेल्या कॅमेऱ्यात पोट आणि आकाश येते. पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी, जिला रहिवासी अडचण मानतात, ती पक्ष्याच्या डोळ्याच्या रेषेत असते. जमिनीवरच्या धोब्यासाठी मात्र छायाचित्रकाराने पोटावर आडवे व्हावे. शेजारी हसतील, हसू द्यावे.

शेजाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवे की लांब लेन्स समोरच्या इमारतीकडे रोखलेली दिसली की संशय येणे साहजिक आहे. आधीच सांगून ठेवावे, काढलेले फोटो दाखवावेत, आणि कोणाच्या खिडकीवरच्या पक्ष्याचा नाद सोडावा.

पक्ष्यांना माणूस दिसण्यापेक्षा माणसाची हालचाल खटकते. म्हणून लपण उपयोगी पडते. घरात ते आयतेच असते: अर्धवट ओढलेला पडदा, मागे काळोखी खोली, लेन्सचे तोंड तेवढे फटीतून बाहेर. उभी केलेली मोटार हेही उत्तम लपण आहे. दार उघडून माणूस उतरला की उडणारे पक्षी गाडीत बसलेल्या माणसाला खुशाल जवळ येऊ देतात.

पक्षी परसात यावेत यासाठी पाणी हा सर्वांत सोपा आणि निर्दोष उपाय. मातीचे पसरट, खरबरीत, कडेला दोन-तीन सेंटिमीटर आणि मध्ये थोडे अधिक पाणी राहील असे भांडे सावलीत ठेवावे, शेजारी मांजराला दबा धरता येईल असे झुडूप नसावे. पाणी रोज बदलावे आणि भांडे घासावे, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. भांड्याजवळ एखादी सुंदर सुकी फांदी रोवली की पक्षी आधी तीवर बसतात. फोटो तेथेच घ्यायचा. झाडे लावण्याइतकी जागा असेल तर जास्वंद, शेवगा, उंबर, सिंगापूर चेरी, पपई यांनी जेवढे पक्षी येतात तेवढे कोणत्याही दाण्याने येत नाहीत. बांडगुळाने धरलेली फांदी तोडण्यापूर्वी थोडे थांबावे, फुलटोच्या तिच्यासाठीच येतो.

दाणे टाकण्याबद्दल मते वेगळी आहेत. शहरात धान्य टाकले की प्रथम पारवे जमतात, त्यांच्या संख्येपुढे इतर पक्षी मागे सरतात, आणि विष्ठेच्या वाळलेल्या धुळीने माणसांना फुप्फुसाचे आजार होतात. फरसाण, शेव, मीठ घातलेला भात पक्ष्यांना वाईटच. या वादाच्या विषयात एक ठाम मत द्यायचे तर ते असे: पाणी द्यावे, झाडे लावावीत, धान्याच्या राशी टाळाव्यात.

घरट्यांच्या बाबतीत मतभेदाला जागा नाही. बुलबुल कुंडीतल्या मनीप्लांटमध्ये आणि शिंजीर गॅलरीतल्या वायरीवर कोळ्याच्या जाळ्यांनी शिवलेले घरटे बांधतो, तेव्हा कॅमेरा घरात असलेल्या माणसाला मोह होणारच. फोटो नीट यावा म्हणून दोन पाने बाजूला केली की ते घरटे कावळ्यालाही दिसते. सतत ये-जा झाली तर जोडी अंडी सोडून जाते. उन्हाळ्यात घरटे सोडून पक्षी अर्धा तास दूर राहिला तरी अंडी किंवा पिल्ले तापून मरू शकतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांच्या घरट्यांना किंवा अंड्यांना उपद्रव देणे हे शिकारीच्या व्याख्येतच धरले आहे. अनेक स्पर्धा घरट्यावरचे फोटो स्वीकारत नाहीत आणि ते योग्य आहे. घरातल्याच घरट्यापासून दूर जाता येत नसेल तर कुंड्यांना पाणी घालण्यापुरतेच त्या बाजूला जावे आणि फोटो हवाच असेल तर पिल्ले बाहेर पडल्यावर, आईबाप त्यांना फांदीवर भरवतात तेव्हा घ्यावा. कावळ्याने कोकिळेच्या किंवा सातभाईने पावशाच्या आडदांड पिल्लाला भरवतानाचे दृश्यही घरट्याबाहेरच, निवांत मिळते. जमिनीवर उतरलेले पिल्लू बहुधा अनाथ नसते, आईबाप जवळच असतात. खरोखर जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे ही दुसरी वाईट खोड. हद्दीत परका नर आला असे समजून पक्षी धावून येतो, पुन्हा पुन्हा येतो, आणि विणीच्या दिवसांत खाणे, गाणे, घरटे यांवरचा त्याचा वेळ हकनाक जातो. घुबडांवर फ्लॅश मारणे, जिवंत उंदीर बांधून शिकारी पक्ष्यांना बोलावणे हे प्रकारही होतात. लाइक्सच्या हिशेबात ते खपून जातात. जाणकाराला मात्र अशा फोटोतले अनैसर्गिकपण पहिल्या नजरेत कळते.

पक्ष्यांखेरीज परसातले उरलेले विश्व मॅक्रो छायाचित्रणाचे. विणीच्या काळात गळा लाल करून उठाबशा काढणारा सरडा, जाळ्यात इंग्रजी एक्सच्या आकाराची पांढरी नक्षी काढणारा कोळी, तळ्याकाठचे चतुर आणि टाचण्या, कढीपत्ता-लिंबावर वाढणाऱ्या अळ्या हे सारे पक्ष्यांइतकेच वेल्हाळ आहे आणि जवळ येऊ देते. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले निलवंत पावसाळ्यात आणि त्यानंतर बागांत सहज भेटते. सापांबाबत मात्र हात आखडता घ्यावा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रातल्या वस्त्यांजवळ आढळतात; फोटोसाठी साप हाताळणे किंवा कोणाला हाताळायला लावणे धोक्याचेही आहे आणि बेकायदाही. रात्री फिरणाऱ्या उदमांजरासाठी आणि मुंगसाच्या वाटेसाठी हालचालीने चालू होणारा ट्रॅप कॅमेरा लावला की झोपमोड न होता काम होते.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात कॅमेऱ्याचा शत्रू म्हणजे पाण्यापेक्षाही बुरशी. कपाटातल्या कातडी पिशवीत ठेवलेली लेन्स एका पावसाळ्यात आतून जाळी धरते आणि ती काढायचा खर्च कधीकधी लेन्सच्या किमतीच्या घरात जातो. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आठवड्यातून एकदा उन्हात, निदान उजेडात, वापर एवढ्याने काम भागते. हवेतली आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांच्या दरम्यान ठेवणारी विद्युत-पेटी असेल तर उत्तमच.

संगणकावर फोटो छाटणे, उजेड दुरुस्त करणे, रवा कमी करणे यात वावगे काही नाही. फांदी पुसणे, दुसरा पक्षी आणून बसवणे, आकाश बदलणे यानंतर तो फोटो नोंद म्हणून निकामी होतो, आणि तसे केले असेल तर सांगून टाकावे.

नोंद हीच अखेर या छंदाची शास्त्राच्या बाजूची मिळकत. कॅमेऱ्यातले घड्याळ बरोबर लावलेले असेल तर प्रत्येक फोटोत तारीख-वेळ आपोआप शिरते. ठिकाण आणि जात जोडली की तो पुरावा झाला. पायातल्या कड्यावरचा क्रमांक, अवेळी आलेला पाहुणा, पिसे बदलण्याचा महिना, कोणत्या झाडाचे फळ कोण खातो, हे फोटोतून नंतरही वाचता येते. २००२ पासून चालू असलेले ईबर्ड आणि २००८ पासूनचे आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळांवर असे फोटो नोंदींना जोडता येतात. दुर्मीळ आणि चोरट्या शिकारीचा धोका असलेल्या जातींचे नेमके ठिकाण मात्र समाजमाध्यमांवर उघड करू नये. फेब्रुवारीत चार दिवस चालणारी परसातल्या पक्ष्यांची जागतिक गणना अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झाली, भारत तीत २०१३ पासून आहे. चितमपल्ली आणि सालीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. या संकेतस्थळांवरच्या नोंदी अजून मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांभोवती आणि अभयारण्यांभोवती दाटलेल्या आहेत. मराठवाड्यातल्या किंवा खानदेशातल्या एखाद्या वाडीत राहणाऱ्या वाचकाने आपल्या दारच्या साळुंकीचा तारीखवार फोटो तेथे टाकला, तर ती नोंद भिगवणच्या हजाराव्या रोहित पक्ष्यापेक्षा अधिक कामाची ठरेल.